काठाचा गडी

खेळायचा पगार घेणारा माणूस बार्शीटाकळीच्या बाजूला माझ्याआधी कोणी पाहिला नव्हता. पैलवानाला खुराक मिळे, सोंगाड्याला बिदागी मिळे, पण आट्यापाट्या खेळायच्या आणि महिन्याच्या महिन्याला रोकडा घ्यायचा, हे ऐकून माझा मोठा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. उद्या झोपायचा पगार निघाला तर मलाही कळव, म्हणाला. वडील हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की त्या जागेवर तुझ्याआधी कोण होतं, आणि ते कुठे गेलं. मी म्हटलं, असेल कोणी, गेलं असेल कुठे. मला अकोल्याला जायची घाई होती, आणि त्या वयात वडिलांच्या प्रश्नांना मी कवडीची किंमत देत नसे.

त्या सालांत वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला भाव आला, असं शहाणी माणसं सांगत. आम्हाला त्या लढाईचं सोयरसुतक नव्हतं. आम्ही एवढंच पाहिलं की ज्वारीच्या वावरात कापूस आला, गुरांच्या चराईत कापूस आला आणि शेवटी मसणवटीच्या कडेपर्यंत कापूस आला. अकोला-अमरावतीच्या आडत्यांच्या हातात पैसा खुळखुळू लागला. पैसा खुळखुळला की माणसाला हौस सुचते. अकोल्याच्या एका बड्या आडत्याने आट्यापाट्यांचा पगारी संघ बांधला, तो पाहून अमरावतीच्या दुसऱ्या एकाने बांधला, आणि मग दोघांची ईर्षा सुरू झाली. एकाने गड्यांना तांबडी मुंडाशी दिली की दुसऱ्याने जरीची द्यायची, असा प्रकार.

आट्यापाट्या आता फारशा कोणी खेळत नाही, म्हणून थोडं सांगतो. मैदानावर एकीमागे एक आडव्या पाट्या आखायच्या, आणि मधोमध एक उभी, तिला सूर म्हणतात. प्रत्येक आडव्या पाटीवर समोरच्या संघाचा एक गडी उभा. त्याने आपली पाटी सोडायची नाही, तिच्यावरूनच इकडून तिकडे धावायचं आणि जो ओलांडू पाहील त्याला थाप मारायची. आपण हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तशाच ओलांडत परत यायचं. आमच्याकडे शेवटच्या पाटीपलीकडे पळसाच्या पानावर मीठ ठेवत. पलीकडे पोचलेल्याने त्यातलं चिमूटभर जिभेवर घ्यायचं आणि माघारी फिरायचं. त्याला लोण आणणं म्हणतात. एकाने जरी लोण आणलं तरी डाव जिंकला.

बहुतेक गडी सुराजवळून, घोळक्यातून घुसतात. मी कडेने जाई. मैदानाच्या कडेला शेवटची रेघ असते, तिच्याबाहेर पाऊल पडलं की माणूस बाद. त्या रेघेला चिकटून धावायचं म्हणजे एका अंगाला थाप मारणारा हात आणि दुसऱ्या अंगाला रेघ. तिथे हुलकावणीला जागा नसते. नुसता वेग हवा आणि वेळ साधता यायला हवी. अशा गड्याला काठाचा गडी म्हणत, आणि तो एका संघात एखादाच असे, कारण शहाणा माणूस त्या वाटेने जात नाही. अकोल्याच्या त्या आडत्याला सगळे शेठजी म्हणत; त्यांच्या मुनीमजींनी मला आमच्या गावच्या जत्रेत धावताना पाहिलं आणि तिथल्या तिथे बोली केली.

अकोल्याला मोर्णा नदीजवळ शेठजींची वखार होती. वखारीच्या मागचं अंगण म्हणजे आमचं सरावाचं मैदान. पहिल्या दिवशी मी काठाला जाऊन उभा राहिलो तसे बाकीचे गडी गप्प झाले. कोणी माझ्याकडे बघेना. एकजण हळूच दुसरीकडे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, नव्या माणसाचा हेवा असेल. मी मनात म्हटलं, जळा लेको.

खरं काय ते मला आमच्या सुरावर खेळणाऱ्या गड्याने सांगितलं. तो अकोल्याचाच, जातीने पिंजारी, गाद्या पिंजून पोट भरणारा मुसलमान, आणि जिभेचा तिखट. पण मनाने इतका मोकळा माणूस मी नंतर पाहिला नाही. तो म्हणाला, तुझ्याआधीचा काठाचा गडी मूर्तिजापूरकडचा होता. वाऱ्यासारखा पळे. पण शेठजींना फुकट बसलेला माणूस बघवत नाही, म्हणून खेळ नसेल तेव्हा ते त्याला वखारीत बोरे तुडवायला लावत.

बोरा तुडवणं म्हणजे काय ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगायला हवं. माणसाच्या उंचीहून मोठं पोतं तुळईला उघड्या तोंडाने टांगायचं. आत एक माणूस उतरायचा. वरून टोपल्यांनी कापूस टाकत राहायचा आणि आतल्या माणसाने तो टाचांनी दाबत राहायचा. कापूस वर येतो तसा माणूसही वर येतो, आणि बोरा भरला की तोंडातून बाहेर पडतो. एके दिवशी तो गडी असा आत उतरला असताना मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या दारात जुंपून उभ्या होत्या आणि शेठजी घाई करत होते. वरून टोपल्यांवर टोपल्या पडल्या. तो दाबायच्या आधीच पुढची टोपली, ती दाबायच्या आधी तिच्यापुढची. आतून टाचांचा आवाज येत होता तोवर कोणाला काळजी वाटली नाही. आवाज थांबला तेव्हाही बोरा भरला असंच वाटलं. पोतं फाडलं तेव्हा तो आत उभाच होता, हात वर केलेले, आणि तोंड कापसाने भरलेलं.

त्यानंतर काठावर जो उभा राहील तो पडू लागला. एकाचा घोटा मोडला. एकजण धावता धावता मागे वळून बघत थांबला आणि जागच्या जागी बसला, पुन्हा खेळायला आला नाही. शेठजींनी भगत आणला, कोंबडं उतरवून टाकलं, काही उपयोग झाला नाही. तोडगा सुचला तो शेठाणींना. त्या शेठजींच्या दुसऱ्या बायको. पहिली बाळंतपणात गेली होती. दुसरेपणावर आलेल्या बाईने गेलेल्या सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे सवतीचा मान राहतो आणि ती छळत नाही, ही रीत आपल्याकडे घरोघर आहे. शेठाणी म्हणाल्या, मी नाही का तिला गळ्यात घेऊन फिरत, मग नव्या गड्यालाही जुन्याचा टाक घालायला लावा. शेठजींना ते पटलं. सोनाराकडून टाक ठोकून आणला, त्याची पूजा केली, आणि त्याच्याजोगा गळा शोधायला मुनीमजींना गावोगाव धाडलं.

तो गळा माझा निघाला. सामना सुरू व्हायच्या आधी मुनीमजी स्वतः तो टाक माझ्या गळ्यात घालत, आणि खेळ संपला की मी रेघेबाहेर यायच्या आत समोर येऊन काढून घेत, फडक्यात गुंडाळत आणि पेटीत ठेवून कुलूप लावत. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर एक माणूस, सोनाराने हात खाली न काढता वर काढलेले. सोनाराला कोणी सांगितलं होतं की त्याने आपल्या मनाने काढले, ते मला कळलं नाही. पिंजारी मला चिडवायचा. म्हणायचा, "देख भाई, सेठजी की पहिली बीवी वो, तू दूसरी. सौतन को गले में रख, घर में झगडा नहीं होता." संघात माझं नावच सौतन पडलं. मीही हसायचो. पगार मिळत होता, दूध मिळत होतं, मुंडासं जरीचं होतं. कोणी सवत म्हणो की मावशी, माझ्या बापाचं काय जात होतं.

पहिला सामना अकोल्यात झाला, दिवस कलता कलता. काठावरून निघालो तशी पहिली पाटी सहज गेली. दुसऱ्या पाटीवर माझ्या कानावर आवाज आला. माझ्या बाजूने कोणी धावत होतं. आमच्यातलाच कोणी काठाला आला असेल म्हणून मी रागाने वळून पाहणार, तेवढ्यात ध्यानात आलं की आवाज बाहेरच्या अंगाने येतोय. रेघेच्या बाहेरून. तिथे कोणी असायचं कारण नव्हतं. मोकळी जमीन होती, आणि पलीकडे माणसं दाटीने बसली होती. मी थांबणार होतो. पण ते पाय थांबले नाहीत. ते किंचित पुढे गेले, मग एकदम आखडले. का कोण जाणे, मीही आखडलो. पाटीवरच्या गड्याचा हात माझ्या नाकासमोरून हवेतून गेला. तो तोल जाऊन पलीकडे गेला आणि मी निघून गेलो. त्या दिवशी मी लोण आणलं.

पुढे सगळं असंच झालं. ते पाय धावले की धावायचं, आखडले की आखडायचं. मी डोळे मिटून धावलो असतो तरी चाललं असतं. अमरावतीला परकोटाबाहेर सामना झाला तेव्हा तिथल्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं, आणि तेही समोरच्या संघाचे लोक. माझ्या भावाने गावात सांगायला सुरुवात केली की आट्यापाट्या मला त्यानेच शिकवल्या. सरावाला गळ्यात टाक नसे तेव्हा मी चारचौघांसारखा धावे. बरा धावे, पण थापही खाई. बाजूला काही आवाज नसे, आणि मला ते आवडत नसे. खरं सांगतो, भीती केव्हाच गेली होती. तो बरोबर नसला की मला चुकल्यासारखं वाटे.

पण काही गोष्टी मला बघायच्या नसूनही दिसल्या. अमरावतीच्या मैदानावर धुरळा बसावा म्हणून पाणी मारलं होतं. सामना संपल्यावर मी काठाने परत येत होतो तर ओल्या मातीत रेघेच्या आत माझी पावलं होती, आणि रेघेच्या बाहेर दुसरी. धावणाऱ्या माणसाची टाच टेकत नाही, चवडाच उमटतो. बाहेरच्या पावलांच्या टाचा खोल रुतल्या होत्या. ती बोरा तुडवणाऱ्याची पावलं होती. मी पिंजाऱ्याला बोलावून दाखवली. त्या दिवशी तो मला सौतन म्हणाला नाही, आणि पुन्हा कधीच म्हणाला नाही. आणखी एक म्हणजे सामना झाला की माझा घसा धरे. खाकरलो की जिभेवर कापसाचा तंतू येई. मी वखारीत कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

त्या सुमारास मला ती बाई दिसू लागली. सामना कुठेही असो, काठाच्या बाजूला पहिल्या रांगेत एक म्हातारी येऊन बसे. अंगावर विटकं लुगडं, हातात काठी. लोक धावणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, नाहीतर थाप मारणाऱ्या हाताकडे. ती माझ्याकडे बघतच नसे. तिची नजर माझ्या बाजूला, रेघेच्या बाहेर जमिनीवरून सरकत जाई, आणि मी लोण घेऊन परत आलो की तशीच सरकत परत येई. सगळा जमाव माझ्या नावाने ओरडत असे आणि ती एकटी दुसऱ्याच कोणाला तरी बघत असे. ती कोण ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

अकोल्याच्या एका सामन्यानंतर मी मोर्णेवर हातपाय धूत होतो, तिथे ती आली. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, बस, माय. ती काठी आडवी ठेवून वाळूत बसली. थोडा वेळ नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "बाबू, तुयाशी भांडाले नाई आली मी. तू गुणाचा हायेस. तो तुयासंगं पळते म्हंजे त्याले तू पसंत हायेस."

मी तिच्यासमोर वाळूत बसलो.

"मी बी त्याचा टाक केला," ती म्हणाली. "घरच्या माणसाचा टाक घरच्या देवघरात बसते. त्याच्या बापाजवळ बसवला. तर रोज सकाळी पाहाव तं पालथा पडलेला. उभा करतो, पुन्हा पालथा. मले वाटे, काहून असा करून राहिला माया लेक? मंग तुले पळतानी पाहिलं अन् समजलं. तो त्या टाकात नाईच. त्याहीनं पहिले बसवला, तो तुया गयात हाय."

मी विचारलं, मग मी काय करू.

"तो लहानपनापासून पळत आला, बाबू. मरतानी बी त्याचे पाय चालूच होते. आता त्याले बसू दे."

तिने शेठजींच्या दारात जाऊन तो टाक मागितला होता. शेठजींनी त्याच्या बदल्यात दुसरा, मोठा करून देऊ म्हटलं. तिला मोठा नको होता, आणि शेठजींना तो सोडायचा नव्हता. एवढं सांगून ती उठली. मला हात जोडायला लागली तेव्हा मी तिचे हात धरले. हात थंडगार होते आणि मला रडू आलं. मी तिला शब्द दिला की तो टाक तुझ्या घरी येईल.

शब्द देणं सोपं असतं. मी मुनीमजींना सांगितलं, त्यांनी कानावर हात ठेवले. मग धीर करून शेठजींपुढे उभा राहिलो. म्हटलं, शेठजी, सवतीचा टाक बाईने घालायचा असतो, कारण सवत त्याच घरची असते, तिला जायला दुसरं घर नसतं. या माणसाला त्याचं घर आहे, आई आहे, देवघर आहे. दुसऱ्याच्या घरचा मेलेला माणूस आपण असा कामाला जुंपलाय, ही रीत कुठली. शेठजी लोडाला टेकून सगळं शांतपणे ऐकत होते. रागावलेसुद्धा नाहीत. सुपारी कातरत म्हणाले, "कापसाले भाव हाय तोवर तो धावन. मंग ने म्हना म्हातारीले." नंतर त्यांनी मला माझा पगार वाढवल्याचं सांगितलं, आणि मूर्तिजापूरला अमरावतीवाल्यांशी मोठा सामना ठरलाय तेव्हा तब्येत सांभाळ म्हणाले.

मी खोलीवर येऊन पडलो आणि विचार करत राहिलो. टाक माझ्या हाताला लागे तो फक्त खेळताना. खेळाच्या आधी आणि नंतर तो मुनीमजींच्या हातात किंवा कुलपात. द्यायचा तर मैदानातूनच द्यायला हवा. ती बसे रेघेच्या बाहेर. म्हणजे पाऊल बाहेर टाकायला हवं, आणि पाऊल बाहेर पडलं की मी बाद, डाव गेला, आणि शेठजींकडची नोकरीही गेली. बाकी जाऊ दे, तो गेला की काठावर मी कोण. सरावाला धावणारा तोच मी, चारचौघांसारखा. गावात परत जाऊन भावाच्या हाताखाली कापूस वेचायचा आणि संध्याकाळी पारावर बसून सांगायचं की एकेकाळी मी धावत होतो. मला ते नको होतं. त्या म्हाताऱ्या बाईची मला दया येत होती, पण दयेपेक्षा धावणं मोठं वाटत होतं, आणि मूर्तिजापूरला पोचेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं.

मूर्तिजापूर दोन्ही गावांच्या मध्ये पडतं, म्हणून सामना तिथे. आगगाडीसाठी मुरमाचा भराव घालणं चाललं होतं, त्या भरावावर माणसं बसली होती, गाड्यांवर बसली होती, झाडांवर चढली होती. दुपार कलली होती आणि वारा अगदी पडला होता. मुनीमजींनी माझ्या गळ्यात टाक घातला. ती आपल्या जागी येऊन बसली होती. तिचं गाव तिथून जवळच, पायवाटेने कापसाच्या वावरांतून.

अमरावतीवाले तयारीने आले होते. आमचे एकेक गडी थापा खात बाहेर पडू लागले. पिंजारी बराच वेळ टिकला, सुरावर त्याने दोघांना नाचवलं, पण शेवटी तोही बाद झाला. मी एकटा उरलो. मी काठाला गेलो आणि वाट पाहिली. बाजूला पाय वाजले. निघालो. तो धावला तसा धावलो, आखडला तसा आखडलो, आणि सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे पोचलो. पळसाच्या पानावरचं मीठ जिभेवर घेतलं. जमावाचा आवाज उठला तो मला लांबून आल्यासारखा वाटला.

परतताना मला एक गोष्ट जाणवली, जी आधी कधी जाणवली नव्हती, किंवा मी जाणवू दिली नव्हती. तो धापा टाकत होता. माझा श्वास नीट चालला होता आणि बाहेरच्या अंगाने घशात काहीतरी अडकलेल्या माणसाचा श्वास येत होता, ओढून ओढून घेतलेला. तरी पाय चालू होते. मी थांबेपर्यंत त्याला थांबता येत नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि मला स्वतःची शिसारी आली.

शेवटची एकच पाटी राहिली होती. तिच्यावरचा गडी फसून पलीकडच्या टोकाला गेला होता. माझ्यात आणि विजयात मोकळी जमीन होती, एखादं पोरही चालत गेलं असतं. ती तिथेच बसली होती. मी जवळ आलो तसे तिने आपले पाय आखडून घेतले, दारात बसलेली बाई येणाऱ्याला वाट देते तसे. माझ्यासाठी नव्हे. मी रेघेच्या आत होतो, माझी वाट तिच्या पायांवरून जात नव्हती.

मी थांबलो. दोरा डोक्यातून काढला, रेघ ओलांडली आणि टाक तिच्या ओटीत टाकला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग अमरावतीवाले नाचायला लागले आणि आमच्या बाजूने शिव्या सुरू झाल्या. तिने मान वर केली नाही. टाक पदराने पुसला, विशेषतः तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा. मग पदराच्या टोकाला बांधला आणि काठी टेकून उठली. मी ऐकलं, ती हलक्या आवाजात म्हणाली, "चाल बापू. हयू हयू चाल. घाई नाई आता."

ती पायवाटेला लागली. मुनीमजी तिच्यामागे धावले, पण वावराच्या बांधापाशी थबकले, खाली मातीकडे बघितलं आणि मुकाट्याने परत आले. काय बघितलं ते मी विचारलं नाही. मला उभ्या जागेवरून ऐकू येत होतं. काठीचा आवाज, तिच्या पायांचा आवाज आणि तिच्या बाजूने ते दुसरे पाय. इतके दिवस मी त्यांना फक्त धावताना ऐकलं होतं. आता ते चालत होते, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, मध्ये मध्ये तिच्यासाठी थांबत.

शेठजींनी मला बोलावलंसुद्धा नाही. मुनीमजींनी माझ्या डोक्यावरचं जरीचं मुंडासं काढून घेतलं आणि जा म्हणाले. पिंजाऱ्याने आपल्या जवळच्या भाकरी माझ्या हातात दिल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. मी चालत निघालो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वाटेवर दुसरं माणूस नव्हतं. चांगलं केलं याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं, तो झाला नाही. थोडं चाललो की मी सवयीने कान देई, आणि माझ्याच पायांचा आवाज येई. बार्शीटाकळी येईपर्यंत मी रडत होतो, ज्याला मी एकदाही पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी.